गरज सरो, रोझी घरी बसो

डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, निळ्या शर्टाची वर सारलेली बाही, आवळलेली मूठ आणि ‘बघता काय?’ अशा नजरेनं थेट आपल्याकडे पाहणारी ती बाई तुम्ही नक्की पाहिलेली असणार. नाव ठाऊक नसेल, पण चेहरा ओळखीचा. आठ मार्च जवळ आला की मोबाइलवर ती हमखास येते. चहाच्या मगवर असते, टी-शर्टवर असते, ब्यूटी पार्लरच्या काचेवरही असते. कुणी तिला नथ घालतं, कुणी नऊवारी नेसवतं. करोनाच्या दिवसांत तर तिच्या तोंडाला मास्कही लागला होता. डोक्यावर एकच वाक्य, ‘वी कॅन डू इट!’ म्हणजे, आपल्याला जमेल!

चित्र झकास आहे, यात वादच नाही. बघितलं की आपलीही पाठ जरा ताठ होते. पण मैत्रिणींनो, हे चित्र कुणी काढलं, कशासाठी काढलं आणि ज्या बायकांच्या नावानं ते आज मिरवलं जातं त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं. कारण ही गोष्ट आपल्याला शाबासकी देते, त्याहून जास्त सावध करते.

आधी चित्राचीच गोष्ट. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. तिथल्या वेस्टिंगहाउस या विजेची उपकरणं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीनं जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराकडून आपल्या कारखान्यांत लावायला पोस्टरांची एक मालिका करून घेतली. आपली लाल रुमालवाली त्यातलीच एक. फेब्रुवारी १९४३ मध्ये ती कंपनीच्या काही कारखान्यांत भिंतीवर चढली आणि जेमतेम दोन आठवड्यांनी उतरली. तिच्या जागी मालिकेतलं पुढचं पोस्टर लागलं. संपलं! देशभर ती कुणी पाहिली नाही आणि तेव्हा तिला ‘रोझी’ असं कुणी म्हणतही नव्हतं.

मुख्य म्हणजे, हे पोस्टर घरातल्या बायकांना कामावर बोलावण्यासाठी नव्हतंच. ते पाहणाऱ्या बायका आधीच कामावर होत्या, सैनिकांच्या लोखंडी टोपाखालचं अस्तर तयार करत होत्या. मालिकेतली इतर पोस्टरं बघितली की कंपनीचा हेतू कळतो. उत्पादन वाढवा, कामाबद्दल शंका असेल तर साहेबांना विचारा, असा तो सगळा सूर. म्हणजे ‘आपल्याला जमेल’ मधलं ‘आपण’ हे बायकांचं ‘आपण’ नव्हतं. ते कंपनीचं ‘आपण’ होतं. पगारवाढ मागितली की मालक म्हणतात ना, ‘आपण सगळे एकाच कुटुंबातले’, त्यातलंच हे!

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ही बाई विस्मरणात पडून होती. १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या जुन्या युद्धपोस्टरांवर एका वृत्तपत्राच्या पुरवणीत लेख आला आणि ती पुन्हा उजेडात आली. स्त्री-चळवळीला तेव्हा एक ठसठशीत चेहरा हवा होता. तो मिळाला. कंपनीच्या भिंतीवरची बाई चळवळीची झाली. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. वापरणाऱ्यानं वस्तूचा अर्थ बदलावा, यात गैर काय? फक्त जुना अर्थ माहीत असावा, एवढंच.

मग खरी रोझी कोण? ‘रोझी द रिव्हेटर’ म्हणजे रिव्हेट ठोकणारी रोझी. विमानाचे पत्रे एकमेकांना जोडायला जे रिव्हेट मारतात, ते काम करणारी. हे नाव आधी एका गाण्यातून आलं. १९४२ मध्ये लिहिलेलं ते गाणं रेडिओवर खूप वाजलं. मग २९ मे १९४३ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेल या नामवंत चित्रकाराची रोझी अवतरली. ही अगदी वेगळी. धिप्पाड, भरदार दंडांची, चेहऱ्यावर काळे डाग, मांडीवर रिव्हेट मारायचं अवजड यंत्र, जेवणाच्या डब्यावर ‘रोझी’ असं नाव, हातात सँडविच आणि पायाखाली हिटलरचं पुस्तक! कुणाकडे पाहत नाही, कुणाला दंड दाखवत नाही. जेवणाची सुटी आहे आणि ती शांतपणे जेवते आहे. चित्रासाठी बसलेली मुलगी एकोणीस वर्षांची टेलिफोन ऑपरेटर होती, मेरी डॉयल तिचं नाव. चांगली सडसडीत होती. रॉकवेलनं तिला एखाद्या पैलवानासारखं रंगवलं आणि पुढे पत्र लिहून तिची त्याबद्दल माफीही मागितली. तिला तेव्हा मिळाले दहा डॉलर. तेच चित्र २००२ मध्ये लिलावात जवळजवळ पन्नास लाख डॉलरना गेलं.

मला स्वतःला ही जेवणारी रोझी जास्त जवळची वाटते. कष्ट करणाऱ्या बाईचा देह असा असतो आणि तिला भूकही लागते. पण मगवर ती आली नाही. रॉकवेलच्या चित्राचे हक्क राखीव, मिलरचं पोस्टर मोकळं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तुम्हा-आम्हाला न सांगता कळतं. मिलरच्या बाईच्या पापण्या लांब आहेत, भुवया कोरलेल्या आहेत, ओठ रंगवलेले आहेत. कामाचा डाग कुठेही नाही. बाई कष्टाची हवी, पण दिसायला नीटनेटकी हवी!

या पोस्टरवरच्या चेहऱ्याचीही एक गंमत आहे. गंमत म्हणावी की शोकांतिका, ठरवा तुम्हीच. मार्च १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अल्मेडा इथल्या नौदलाच्या विमानतळावर लेथवर वाकून काम करणाऱ्या, ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या एका तरुणीचा फोटो काढला गेला. पुढे दुसऱ्याच एका बाईला वाटलं की ही मीच. जगानंही ते मानलं, तिच्या निधनानंतर २०१० मध्ये मृत्युलेखही तसेच आले. फोटोतली खरी बाई होती नाओमी पार्कर. २०११ मध्ये रोझींच्या एका मेळाव्यात तिनं तो फोटो पाहिला, खाली दुसरीचं नाव! तेव्हा ती नव्वदीला टेकलेली. प्रा. जेम्स किंबल यांनी सहा वर्षं शोध घेऊन मूळ फोटोच्या मागे चिकटवलेली नावाची चिठ्ठी शोधली आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मिलरनं हाच फोटो पाहून पोस्टर केलं का, याचा लेखी पुरावा नाही. पण फोटोतली बाई मी आहे, एवढं तरी मान्य करा, हे नाओमीचं म्हणणं होतं. तिला प्रसिद्धी नको होती, पैसा नको होता, आपली ओळख हवी होती. जानेवारी २०१८ मध्ये, ९६ व्या वर्षी ती गेली. बाईच्या कामाचा फोटो सगळीकडे आणि खाली नाव भलत्याचं, हे आपल्याला काही अगदीच नवीन नाही, नाही का?

आता चित्र बाजूला ठेवू आणि बायकांकडे वळू.

युद्धाआधी अमेरिकेत मोठी मंदी होती. तेव्हा सूर काय होता? ‘बायकांनो, घरी बसा, पुरुषांच्या नोकऱ्या खाऊ नका.’ १९३२ च्या एका कायद्यात तर चक्क तरतूद होती की, नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील, तर कपात करताना अशा जोडप्यांतल्या एकावर आधी कुऱ्हाड. गेली ती बहुतेक वेळा बायकोचीच नोकरी. शाळांमध्येही अनेक ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेनं राजीनामा द्यायचा, असा दंडक होता.

आणि दहा वर्षांत तेच सरकार म्हणू लागलं, ‘बायकांनो, बाहेर या!’ कारण पुरुष आघाडीवर गेले होते आणि विमानं, जहाजं, दारूगोळा तर हवाच होता. १९४० मध्ये अमेरिकेत नोकरी-धंद्यात असलेल्या बायका साधारण १ कोटी २० लाख होत्या, १९४५ पर्यंत त्या १ कोटी ९० लाखांच्या घरात गेल्या. विमान कारखान्यांत युद्धाआधी शंभरात एखादी बाई असायची. १९४३ मध्ये तिथे ३ लाखांहून जास्त बायका होत्या! ज्यांना कालपर्यंत ‘हे बायकांचं काम नव्हे’ म्हणून सांगितलं जात होतं, त्यांनी काही आठवड्यांच्या शिकवणीत वेल्डिंग केलं, क्रेन चालवली, लेथवर सुटे भाग घडवले.

ही किमया घडवायला पोस्टरं, सिनेमे, रेडिओ सगळं कामाला लावलं होतं. सप्टेंबर १९४३ मध्ये सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयानं देशभरातल्या मासिकांना त्या महिन्याच्या मुखपृष्ठांवर काम करणारी बाई दाखवण्याचं आवाहन केलं होतं. आणि पोस्टरांवरचा मजकूर काय होता? एका पोस्टरचं म्हणणं होतं, ‘त्यानं मागे ठेवलेलं काम तू कर.’ दुसऱ्यावर एक बाई सैनिकाची पत्रं उराशी धरून बसली आहे, खाली लिहिलंय की नुसतं झुरून तो लवकर घरी येणार नाही, युद्धाच्या कामाला लाग. तिसरं तर अगदी बघण्यासारखं आहे. लाल रुमाल बांधलेली कामगार बाई, मागे सुटाबुटातला नवरा तिला धरून उभा, आणि बाई म्हणतेय, मला अभिमान वाटतो, मी माझा वाटा उचलावा अशी माझ्या नवऱ्याची इच्छा आहे! म्हणजे युद्ध पेटलेलं, देश संकटात आणि तरी नोकरीवर जायला यजमानांची परवानगी आहे, हे आधी भिंतीवर छापायला लागलं.

यातलं पहिलं पोस्टर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ‘त्यानं मागे ठेवलेलं काम.’ काम त्याचंच आहे, तू फक्त तेवढ्यापुरतं सांभाळ. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. बाईच्या डोक्यावरचा तो लाल रुमाल खरं तर सीटवर टाकलेला रुमाल होता. खरा प्रवासी आला की रुमालानं उठायचं असतं.

या पोस्टरांवर तीन गोष्टी दिसत नाहीत. पगार किती? मुलांना कोण सांभाळणार? आणि ही नोकरी किती दिवस?

पगाराचं बघा. ‘समान कामाला समान पगार’ देण्याबद्दल युद्धकाळातल्या मजूर मंडळानं १९४२ मध्ये आदेश काढला, मालकांना तशी मोकळीक दिली. पण १९४४ मध्ये कुशल पुरुष कामगाराला आठवड्याला सरासरी सुमारे ५५ डॉलर मिळत होते आणि कुशल बाईला सुमारे ३१. मशीनला कळत नाही की बटण दाबणारा हात कुणाचा आहे. पगारपत्रकाला बरोबर कळतं!

आणि काळी बाई तर बहुतेक पोस्टरांवर नव्हतीच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४१ मध्येच संरक्षण उद्योगांत वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम काढला होता. तोही काळ्या कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यावर. लाखो काळ्या बायका गोऱ्यांच्या घरची धुणी-भांडी सोडून कारखान्यांत आल्या, पण मिळाली बरेचदा झाडलोटीची नाहीतर सगळ्यात जोखमीची कामं. बेटी रीड सॉस्किन या काळ्या तरुणीनं तेव्हा रिचमंडमधल्या कामगार संघटनेच्या कार्यालयात कारकुनी केली, आणि ती संघटनेची शाखासुद्धा काळ्यांसाठी वेगळी होती! पुढे त्याच रिचमंडमध्ये रोझीच्या नावानं राष्ट्रीय स्मारक झालं. तिथे त्या रेंजर म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ही दुसरी बाजू सांगत राहिल्या आणि २०२२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निवृत्त झाल्या.

मुलांचं काय झालं, ते तर आपण सगळ्यांनी वाचायला हवं. आधी सगळं आयांवरच सोडलेलं. मग कामावरच्या दांड्या वाढल्या, तेव्हा सरकारला जाग आली आणि सरकारी पैशातून पाळणाघरं निघाली. जुलै १९४४ मध्ये ती तीन हजारांहून जास्त होती आणि त्यांत सव्वा लाखाहून जास्त मुलं होती. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये कैसरच्या जहाज कारखान्यांनी तर कारखान्याच्या दारातच पाळणाघरं बांधली. रात्रपाळीलाही उघडी. आणि पाळी संपवून मूल न्यायला येणाऱ्या आईला घरी न्यायला तयार जेवण मिळायचं! अर्थात, आधी सांगून, पैसे भरून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. कामावरून थकून आलेल्या बाईला ‘आज स्वयंपाक काय?’ हा प्रश्न पडू नये, हे कुणाला तरी ऐंशी वर्षांपूर्वी सुचलं होतं. सुचलं, जमलं, चाललं. म्हणजे ही गोष्ट अशक्य मुळीच नाही. मनावर घेतलं तर वर्षभरात होते.

आणि मनावर घेतलं तर महिनाभरात बंदही होते. ऑगस्ट १९४५ मध्ये जपाननं शरणागती पत्करली, युद्ध संपलं. पोर्टलंडची ती पाळणाघरं लगेच बंद झाली. विमान आणि जहाज कारखान्यांतून बायकांना धडाधड कमी करण्यात आलं. परत आलेल्या सैनिकांना जुनी नोकरी मिळण्याचा कायदेशीर हक्क होता. त्यांनी जीव धोक्यात घातला होता, तो हक्क कोण नाकारेल? पण जिथे माणसं हवी होती, तिथेही बायकांना परत बोलावलं नाही. अमेरिकेच्या सरकारी विमेन्स ब्युरोनं १९४४-४५ मध्ये युद्ध उत्पादनाच्या दहा भागांत पाहणी केली होती. चारातल्या तीन कामकरी बायकांनी सांगितलं होतं, युद्धानंतरही आम्हाला काम करायचं आहे. बहुतेकींना स्वतःचं आणि घरच्यांचं पोट भरायचं होतं. डेट्रॉइटजवळ फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यासमोर डिसेंबर १९४५ मध्ये बायकांनी फलक घेऊन निदर्शनं केली. त्यांची चित्रं मगवर आली नाहीत.

ज्या मासिकांनी दोन वर्षांपूर्वी मुखपृष्ठावर वेल्डिंग करणारी बाई छापली होती, त्यांच्यातच आता नव्या फ्रीजशेजारी हसणारी बाई झळकू लागली. नोकरी करणाऱ्या बायका संपल्या नाहीत. पण अनेकजणी पुन्हा टायपिंग, हॉटेलात वाढपीण, लाँड्री अशा कमी पगाराच्या ‘बायकी’ कामांकडे ढकलल्या गेल्या. आपल्याकडे म्हणतात, गरज सरो, वैद्य मरो. इथे रोझी घरी बसो!

माझी एक मैत्रीण कॉलेजात इतिहास शिकवते. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, सरकारचा हेतू काही असू दे. बायकांच्या हातात स्वतःचा पगार आला ना? जमतं हे कळलं ना? ते कुणी परत घेऊ शकतं का? त्यांच्याच मुली पुढे चळवळीत उतरल्या.” तिचं म्हणणं खोटं नाही. एकदा लागलेली कमाईची चव जात नाही. पण मला तिला विचारावंसं वाटतं, त्या आयांनी मधली वीस वर्षं कशी काढली? समान पगाराचं विधेयक १९४५ मध्ये अमेरिकन संसदेत आलं होतं, ते पडलं. कायदा झाला १९६३ मध्ये. अठरा वर्षं! तेव्हा तिशीतली असलेली बाई कायदा होईपर्यंत पन्नाशीकडे झुकली. आणि सरकारी सुवर्णपदक? अमेरिकन संसदेनं रोझींना ते एप्रिल २०२४ मध्ये दिलं. घ्यायला आलेल्या बहुतेक बायका नव्वदी ओलांडलेल्या होत्या.

मात्र एक गोष्ट टिकली आणि ती कशामुळे टिकली हे फार महत्त्वाचं आहे. पाळणाघरांचा केंद्राचा पैसा बंद होणार म्हटल्यावर आयांनी पत्रांचा पाऊस पाडला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या वर्तमानपत्री सदरातून त्यांची बाजू मांडली. मुदत फेब्रुवारी १९४६ अखेरपर्यंत वाढली, मग संपली. पण कॅलिफोर्नियातल्या आया हटल्या नाहीत. दरवर्षी राज्य सरकारच्या दारात उभ्या राहिल्या आणि १९५७ मध्ये त्या राज्यातली पाळणाघरं कायमची झाली. म्हणजे बघा, दंड दाखवणाऱ्या चित्रानं पाळणाघर वाचवलं नाही. अर्ज, सह्या, खेटे आणि एकजूट यांनी वाचवलं.

त्याच युद्धाची झळ आपल्याकडेही लागली होती. खाणीच्या पोटात उतरून बायकांनी काम करण्यावर १९३० च्या दशकात बंदी आली होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला, कामगार जास्त मजुरीच्या लष्करी बांधकामांवर निघून गेले, आणि १९४३ मध्ये ही बंदी उठवण्यात आली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात यावर टीका झाली, तेव्हा त्यांनी हा निर्णय नाइलाजाचा आणि तात्पुरता असल्याचं सांगितलं. आणि एका गोष्टीवर बोट ठेवलं, खाणीत उतरणाऱ्या बाईला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात बहुधा पहिल्यांदाच आलं आहे, असं ते म्हणाले. १९४६ च्या सुरुवातीला बंदी पुन्हा लागू झाली. खाणीच्या अंधारात जाणं थांबलं हे चांगलंच. पण बरोबरीची ती मजुरीही गेली. झरिया-राणीगंजच्या त्या बायकांचा रुमाल मी कुठल्या टी-शर्टवर पाहिलेला नाही. त्यांना पोस्टरनं नव्हे, भुकेनं बोलावलं होतं. मात्र चित्र नसलं तरी मजुरीचा नियम होता, हे मला चित्रापेक्षा मोलाचं वाटतं. जमिनीखालच्या कामाची परवानगी बायकांना पुन्हा मिळाली ती थेट २०१९ मध्ये.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणाल तर आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं सांगते. २०२० मध्ये टाळेबंदी उठली, बाहेरगावचे कामगार परतले नव्हते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं आजूबाजूच्या बायकांना बोलावलं. वहिनी पंधरा दिवसांत मशीन शिकल्या. सुपरवायझर म्हणायचा, ‘ताई, तुमच्यासारखा सफाईदार हात नाही.’ महिला दिनाला गुलाबाचं फूल मिळालं, ग्रुप फोटो निघाला. दीड वर्षानं जुनी माणसं आली आणि एका शनिवारी त्यांना सांगितलं, ‘सोमवारपासून येऊ नका, लागलं तर फोन करू.’ हातात कागद कुठलाच नव्हता. फोटो मात्र आहे, शोकेसमध्ये लावलाय.

आणि आपल्या आशाताई? करोनात दारोदार फिरल्या, आपण त्यांना योद्धा म्हटलं, टाळ्या वाजवल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. पण त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणतात, पगार न म्हणता मोबदला म्हणतात. त्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना जून २०२१ मध्ये, साथ सुरू असतानाच, संपावर जावं लागलं होतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. कुणी आपली ताकद वाखाणली की खूश जरूर व्हा, पण त्याच श्वासात तीन प्रश्न विचारा. पैसे किती आणि शेजारच्या पुरुषाला किती? मूल कुठे ठेवायचं? आणि हे काम कधीपर्यंत, तसं लिहून देणार का? विचारताना जीभ अडखळते, हे मला कळतं. ‘पैशाचं काय एवढं’, ‘आपलीच माणसं आहेत’ असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण बचत गटाला शाळेच्या स्वयंपाकाचं काम मिळो, लेकीला कंपनीत नोकरी लागो की सुनेला एखाद्या दुकानात, हे तीन प्रश्न घरातूनच तिच्या पदराला बांधून द्या. एकटीनं विचारायला भीती वाटली तर चौघी मिळून विचारा. कॅलिफोर्नियातल्या आयांनी तेच केलं.

आपल्याला जमेल का, हा प्रश्न कधी नव्हताच. चुलीपासून लेथपर्यंत सगळं जमलं आहे आणि जमतं आहे. ते सिद्ध करायला दंड दाखवायची गरज आपल्याला नाही. आता समोरच्यानं दाखवायचं आहे. दंड नव्हे, नेमणुकीचा कागद!